चेंडू, क्लिकर, साखळी आणि काटेरी पट्टा: पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं परीक्षण

गोव्यातल्या श्वानपथकाला उसंत मिळेल असा महिना विरळाच. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ-नववर्षाला तुडुंब किनारे, मग कार्निव्हल आणि शिगमो. त्यात दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ, मडगाव-थिवीची रेल्वे स्थानकं, पत्रादेवी, मोले आणि पोळे इथली नाकी. हॉटेलं आणि खासगी सुरक्षा कंपन्याही प्रशिक्षित कुत्रा घ्यायचा विचार करतात, तेव्हा प्रशिक्षक दोन प्रकारचे भेटतात. एकाच्या हातात चेंडू असतो, दुसऱ्याच्या हातात साखळी. दोघेही आपलीच पद्धत खरी म्हणून सांगतात.

निकाल आधीच सांगतो. अमली पदार्थ किंवा स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला शिकवताना झटक्याला, म्हणजे साखळीनं किंवा पट्ट्यानं दिलेल्या शिक्षेला, जागा नाही. चावा घेणाऱ्या, म्हणजे गस्तीच्या कुत्र्याच्या बाबतीत वाद खरा आहे, आणि तो एकाच मुद्द्यावर अडतो: पकडलेलं सोडायला कसं शिकवायचं. आज्ञापालनाचं बाकी सगळं, म्हणजे सोबत चालणं, बसणं, थांबणं, बोलावल्यावर येणं, बक्षिसावर नीट उभं राहतं.

बक्षिसाची साधनं

क्लिकर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. त्याचं काम एवढंच, की बरोबर कृती घडली त्याच क्षणी ‘हेच’ असं कुत्र्याला कळावं. सुरुवातीला दहा-पंधरा वेळा नुसता आवाज करायचा आणि सेकंदाच्या आत खाऊ द्यायचा. आवाज ऐकताच कुत्रा खाऊसाठी मान वळवू लागला, की साधन तयार झालं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत आतली पोलादी पट्टी गंजते आणि आवाज मंद होतो, म्हणून दोन-तीन जास्तीचे ठेवा आणि हवाबंद डब्यात ठेवा. ‘यस’सारखा एकच छोटा शब्द, नेहमी एकाच सुरात, तेच काम करतो. दोरी, टॉर्च आणि दारं सांभाळताना हात मोकळे नसतात, तेव्हा शब्दच कामी येतो. क्लिकर नवं काहीतरी बारकाईनं शिकवायला उत्तम, प्रत्यक्ष झडतीला नाही.

खाऊ उकडलेल्या चिकनचा किंवा काळजाचा, वाटाण्याएवढ्या तुकड्यांत. जून ते सप्टेंबर तो खिशात दोन तासांत चिकट होतो आणि वास मारू लागतो, त्यामुळे छोट्या बर्फाच्या डब्यातून लागेल तेवढाच काढावा. प्रशिक्षणात दिलेलं रोजच्या आहारातून वजा करायचं, नाहीतर लॅब्रॅडॉर पावसाळा संपेपर्यंत जाडा होतो. मग त्याला भूकही नसते आणि दमही नसतो.

हुंगणाऱ्या कुत्र्याचं खरं वेतन मात्र चेंडू. दोरी लावलेला भरीव रबरी चेंडू घ्या. टेनिसचा चेंडू घेऊ नका. त्याच्या लोकरी आवरणात किनाऱ्यावरची वाळू अडकते आणि तो खरकागदासारखा दातांचं इनॅमल झिजवतो. सुळे झिजलेला कुत्रा पुढे काही पकडायला कचरतो. चेंडू इतका मोठा हवा, की मागच्या दाढांपलीकडे घशात जाणार नाही.

कातडी दोरीला इथे पावसाळ्यात बुरशी येते. प्लॅस्टिकचं आवरण असलेली, पुसून कोरडी होणारी पट्टी बरी. लांब दोर दहा मीटरचा, मागच्या टोकाला गाठ किंवा फास नसलेला, कारण काजूच्या बागेत आणि खडकांत फास अडकतो.

वास कसा शिकवतात

पाच-सहा एकसारखी खोकी रांगेत, प्रत्येकाला एक भोक. एकात पदार्थ, बाकीच्यांत रिकामा कापूस, नवे हातमोजे, चिकटपट्टी, प्लॅस्टिकची पिशवी. ही फसवी खोकी न ठेवता काम केलं, तर कुत्रा गांजा शिकत नाही, गांजा ज्यात बांधला ती पिशवी शिकतो. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच होतं. दर फेरीला जागा बदलायची आणि सगळ्याच खोक्यांना त्याच हातमोज्यांनी हात लावायचा, नाहीतर माणसाच्या हाताचा ताजा वास हाच इशारा ठरतो.

नाक योग्य भोकावर टेकलं, की लगेच खूण (क्लिकर किंवा तो शब्द) आणि चेंडू. चेंडू हस्तकाच्या, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याच्या, खिशातून येऊ नये. तो खोक्याजवळच पडावा, म्हणजे कुत्र्याचं लक्ष माणसावर न राहता वासावर राहतं. आधी एक सेकंद नाक धरून ठेवणं, मग तीन, मग पाच, मग बसणं. स्फोटकांच्या कुत्र्याला ओरबाडून इशारा द्यायला शिकवायचंच नाही, बसणं किंवा स्तब्ध होणं एवढंच. एक सत्र पाच ते आठ मिनिटांचं, दिवसात तीन-चार. कुत्र्याला अजून हवंसं असतानाच थांबायचं.

पाया पक्का झाल्यावर बक्षीस दर वेळी देऊ नये, कधी दुसऱ्या, कधी पाचव्या शोधाला. पुढे शून्य झडती: ज्या खोलीत काहीही नाही तिथे पंधरा मिनिटं शोध, आणि काही न सापडल्याचं उत्तर बरोबर. हा भाग सोपा वाटतो म्हणून टाळला जातो आणि पुढे नाक्यावर पश्चात्तापाची वेळ येते.

नमुन्यांची साठवण हे सगळ्यात दुर्लक्षित काम. प्रत्येक पदार्थ वेगळ्या काचेच्या बरणीत आणि वेगळ्या कपाटात. गांजाचा वास झाकणातून झिरपतो आणि शेजारच्या बरणीतल्या कोकेनला चिकटतो. मग कोकेन शोधतो असं वाटणारा कुत्रा प्रत्यक्षात गांजाच शोधत असतो. कुत्रा मुख्यतः ज्या वाफेवर काम करतो ती बऱ्याचदा मूळ पदार्थाची नसते: कोकेनच्या बाबतीत मिथाइल बेन्झोएट, एमडीएमए या अमली पदार्थाच्या बाबतीत पिपरोनल. उन्हात ठेवलेला नमुना आणि एसी खोलीतला नमुना यांतून निघणाऱ्या वाफेचं प्रमाण फार वेगळं असतं, म्हणून दोन्ही तापमानांत सराव हवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी, मसाले आणि चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) यांच्या मध्ये ठेवलेला नमुना शोधता आला, तर तो कुत्रा गोव्यासाठी तयार म्हणायचा.

किनाऱ्यावर वाऱ्याचा हिशेब आधी. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणून कुत्र्याला माडांच्या बाजूनं आणून वाऱ्याच्या तोंडी चालवायचं. पहाटे वारा बहुधा उलट असतो, तेव्हा सुरुवात पाण्याच्या कडेनं.

बक्षिसाची पद्धत कुठे फसते

ही पद्धत मऊ आहे असं समजणं चूक. ती चुकांना फार संवेदनशील आहे, फक्त चुका दिसत नाहीत. खूण एका सेकंदानं उशिरा आली, तर कुत्रा हुंगल्याबद्दल नाही, मान वर केल्याबद्दल बक्षीस घेतो. आठवडाभर असं चाललं, की तो भोकावरून नाक काढून हस्तकाकडे बघू लागतो आणि सगळे म्हणतात, कुत्र्याचं लक्ष नाही. दुसरी चूक लाच देण्याची: चेंडू आधी दाखवायचा आणि मग काम सांगायचं. असा कुत्रा चेंडू दिसला नाही, तर बसून राहतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक माणसाच्या देहबोलीत असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २०११ साली १८ कुत्रा-हस्तक जोड्यांची चाचणी झाली. जागेत एकही नमुना नव्हता, पण हस्तकांना सांगितलं होतं, की लाल कागद दिसेल तिथे नमुना आहे. इशारे भरपूर आले, आणि लाल कागदाजवळ जास्त आले. हस्तक थबकतो, श्वास रोखतो, दोर सैल सोडतो, आणि कुत्रा ते वाचतो. उपाय एकच, आंधळी चाचणी: नमुना लपवणारा वेगळा, हस्तकाला जागा माहीत नाही, आणि उत्तर ठाऊक असलेलं कुणीही त्या खोलीत नाही.

प्रत्यक्ष झडतीत आणखी एक अडचण. बॅगेवर इशारा आला, पण आत काय आहे हे अजून कळलेलं नाही. तेव्हा चेंडू दिला आणि बॅग रिकामी निघाली, तर चूक पक्की झाली. म्हणून खऱ्या झडतीत अनिश्चित इशाऱ्याला बक्षीस नाही. लांब, कोरडी झडती संपल्यावर सहकाऱ्यानं बाजूला ठेवलेला माहितीतला नमुना शोधायला द्यायचा आणि तिथे भरघोस खेळायचं, म्हणजे कुत्र्याचा उत्साह टिकतो.

झटक्याची साधनं

सरकफासाची साखळी, म्हणजे चोक चेन, भारतात सगळीकडे आहे आणि बहुतेक वेळा उलटी घातलेली असते. कुत्रा डावीकडे चालत असेल, तर समोर धरल्यावर फास इंग्रजी पी अक्षरासारखा दिसला पाहिजे. तरच झटका देऊन सोडल्यावर कडी स्वतःहून सैल होते. उलटी घातली तर अडकून राहते आणि श्वासनलिका दाबत राहते. ती कानांच्या मागे, मानेच्या वरच्या भागात हवी, खाली घसरली की घशावर येते. कुत्रा एकटा असताना, वाहनात किंवा पिंजऱ्यात ती काढायचीच. खिळ्याला अडकून कुत्रे गुदमरतात.

काटेरी पट्ट्याच्या कड्या तुलनेनं दाब वाटून देतात, त्यामुळे नवख्याच्या हातात तो साखळीपेक्षा कमी धोक्याचा, असा दावा केला जातो. बसवण्यात थोडी जरी ढिलाई राहिली, तर तो दावा कोसळतो. काटे घसरतात आणि एकाच जागी टोचतात. स्वस्त क्रोमवाले पट्टे आमच्या किनारी भागात थोड्याच दिवसांत गंजतात. गंजलेली कडी ऐन वेळी सुटते, आणि समोर चिथावणारा माणूस असताना सुटणं म्हणजे अपघात. टोकं बोथट नसलेला पट्टा हातात घेऊच नये.

विजेच्या पट्ट्याची अडचण गोव्यात वेगळीच आहे. दोन धातूची टोकं कातडीला सतत टेकलेली लागतात. दमट हवा, पाऊस आणि खारं पाणी यांनी तिथली कातडी मऊ पडते आणि काही तासांत लाल होऊन पुढे जखम होते. दोन-तीन तासांनी जागा बदलावी लागते, रात्री काढावा लागतो. ओल्या आणि कोरड्या केसांत एकाच पातळीचा झटका वेगळा लागतो, म्हणजे सकाळी ठरवलेली पातळी संध्याकाळच्या पावसात भलतीच ठरते. आमच्या मते, एवढ्या एका कारणावरून इथे तो कामाचा नाही.

झटका परिणाम करतो का? करतो, पण त्यासाठी बऱ्याच अटी एकदम जुळाव्या लागतात. कुत्र्याला आज्ञा आधीच पक्की माहीत असावी. झटका चुकीच्या कृतीच्या क्षणीच यावा. एकदाच आणि पुरेसा असावा, दर पावलाला हलका हलका नाही, कारण हलक्या झटक्यांची सवय होते आणि पातळी वाढवत न्यावी लागते. योग्य कृती झाली, की त्याच सेकंदाला दाब संपावा आणि कौतुक सुरू व्हावं. हॅनोव्हरमध्ये बीगल कुत्र्यांवर २००७ साली झालेल्या अभ्यासात कारण न कळता अवेळी झटके मिळालेल्या कुत्र्यांत ताणाचं संप्रेरक सर्वाधिक वाढलेलं दिसलं. वेळ चुकली की कुत्रा झटक्याचा संबंध जे समोर आहे त्याच्याशी जोडतो: हस्तकाशी, युनिफॉर्मशी, मैदानाशी. नेदरलँडमधल्या २००४ च्या अभ्यासात विजेच्या पट्ट्यावर तयार झालेले जर्मन शेफर्ड कुत्रे प्रशिक्षणाबाहेर, बागेत मोकळे फिरतानाही मालकासोबत ताणलेले आणि कान पाडलेले आढळले.

बेल्जियमच्या सैन्यदलातल्या ३३ जोड्यांवरच्या २००८ च्या अभ्यासात कमी गुण मिळवणाऱ्या जोड्यांत शिक्षा जास्त दिसली. यावरून शिक्षेमुळेच गुण कमी झाले असं म्हणता येत नाही, कमकुवत कुत्र्यावर माणूस जास्त चिडतो हेही खरं. पण शिक्षेनं गुण वाढल्याचं मात्र तिथे कुठे दिसत नाही.

हुंगणाऱ्या कुत्र्याला झटका का नको, याचं कारण दयेच्याही पलीकडचं आहे. चुकीच्या इशाऱ्याला झटका बसला, की कुत्रा काय शिकेल यावर आपला ताबा राहत नाही. तो शंका असलेल्या ठिकाणी इशारा द्यायचंच टाळतो. खोटे इशारे कमी झालेले दिसतात, सगळे खूश होतात, आणि मंद वासाचं पुडकं तसंच निघून जातं. स्फोटकांच्या बाबतीत याची किंमत काय, हे मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडॉरनं केलेलं काम आठवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आपला कुत्रा निःशंक इशारा देईल, एवढ्या विश्वासावरच पथक आत पाऊल टाकतं.

चाव्याचं काम, जिथे वाद उरतो

गस्तीच्या कुत्र्याला माणसानं घातलेल्या जाड संरक्षक बाहीवर दात रोवणं हेच मोठं बक्षीस. तिथे चिकनचा तुकडा त्याला दिसतही नाही. म्हणून ‘आउट’, म्हणजे सोडण्याची आज्ञा, शिकवताना बक्षीसही चावाच असावं लागतं. सुरुवात तागाच्या खेचण्यानं, म्हणजे ओढाओढीच्या खेळण्यानं. ते दोन्ही हातांनी मांडीला घट्ट टेकवून निश्चल धरायचं, खेळ मेला. कुत्रा कंटाळून सोडतो त्याच क्षणी खूण, आणि खेचणं पुन्हा जिवंत. सोडल्यावर परत चावायला मिळतं हे कळलं, की सोडणं पटापट येतं. त्यानंतर शब्द जोडायचा, मग बाही, मग स्थिर उभा माणूस, शेवटी ओरडणारा आणि झटापट करणारा माणूस. या शेवटच्या दोन पायऱ्यांत घाई केली, की सगळं कोसळतं आणि साखळी बाहेर येते.

इथे साखळीवाल्यांच्या बाजूचा एक पुरावा प्रामाणिकपणे मांडायला हवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समोर चिथावणारा माणूस असताना ४२ बेल्जियन मॅलिनॉय पोलिसी कुत्र्यांवर तीन उपाय तपासले: विजेचा पट्टा, काटेरी पट्टा आणि बक्षीस हुकल्याचं सांगणारा शिकवलेला इशारा. तो इशारा ४२ पैकी फक्त ३ कुत्र्यांवर चालला. काटेरी पट्ट्यानं विजेच्या पट्ट्यापेक्षा ताणाची लक्षणं जास्त दिसली. यातून झटका चांगला असा अर्थ काढू नये. टोकाच्या उत्तेजनेत नुसत्या ‘बक्षीस नाही’वर विसंबता येत नाही, एवढंच सिद्ध होतं. सोडण्याला पुन्हा चावण्याचं बक्षीस देणारी पद्धत त्यात तपासलेली नव्हती. जर्मनीत २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्ट्यासारख्या वेदनादायी साधनांना बंदी आहे, आणि तिथल्या पोलिसांना आपली पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम अनावश्यक वेदनेला लागू होतं, हे प्रशिक्षकानं लक्षात ठेवावं.

या कामात झटका वापरायचाच असेल, तर तो पुनःचाव्याच्या पद्धतीनं सोडणं पक्कं झालेल्या कुत्र्यावर, अनुभवी माणसाच्या हातून, मोजकाच. शिकवण्याचं साधन म्हणून कधीच नाही. घाईत दिलेल्या झटक्यानं मॅलिनॉय मागे वळून दोर धरलेल्या हातालाच चावतो, आणि गुरगुरण्याला शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

उकाडा, ढोल आणि ‘हट्टी’ कुत्रा

गोव्यात झटके वाया जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण उकाडा. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, हवा नाकातून जाण्याऐवजी तोंडातून जाते. एप्रिल-मेच्या दमट दुपारी दहा मिनिटांनंतर त्याची चूक हट्टीपणामुळे नसते. त्या वेळी दोर ओढणारा माणूस तापमानाला शिक्षा करत असतो. कुत्र्याचं सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सियस. ४० ओलांडलं, की सावली, पाणी आणि पंखा, ४१ च्या पुढे थेट पशुवैद्य. वाळूवर उलटा तळहात सात सेकंद ठेववत नसेल, तर पंजेही ठेवू देऊ नका. उन्हाळ्यात काम सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.

शिगम्याचा ढोल-ताशा, नरकासुराच्या रात्रीचे फटाके आणि डीजे यांची सवय लहानपणापासून, दुरून, खाऊसोबत लावायची. ढोल कुत्रा कान टवकारेल पण खायचं थांबवणार नाही एवढ्या अंतरावर हवा. आठवड्याला थोडं जवळ. घाबरून मागे हटणाऱ्या कुत्र्याला पुढे ओढलं, तर ढोल आणि गळ्याची वेदना एकत्र जुळतात, आणि ती गाठ सुटायला महिने लागतात.

सेवा घेताना

गोव्यात हॉटेलसाठी किंवा गोदामासाठी कुत्रा घेणाऱ्यानं प्रशिक्षकाला आधी विचारावं, की अमली पदार्थांचे नमुने आले कुठून. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली असे पदार्थ परवानगीशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे. खासगी माणूस बहुधा कृत्रिम गंधावर शिकवतो, आणि तो कुत्रा खऱ्या मालावर चालेल याची हमी नसते. नंतर आंधळी चाचणी मागा: तुमच्या जागेतल्या दहा खोल्या, त्यांतल्या निदान चार रिकाम्या, आणि हस्तकाला काहीच माहीत नाही. रिकाम्या खोल्यांत इशारे देणारा कुत्रा परत पाठवा. चाचणी न देणाऱ्या प्रशिक्षकाशी करार करू नका.

त्याच वेळी कुत्र्याकडेही नीट बघा. काम सुरू होताना दोर ओढत पुढे जातो, शेपूट हलते, शोधाआधी हस्तकाच्या हाताकडे बघत नाही, तर शिक्षण बरं झालं आहे. साखळी खुळखुळताच मान खाली आणि जीभ ओठांवर फिरू लागली, तर तो कुत्रा भीतीनं आज्ञा पाळतो आहे. असा कुत्रा अनोळखी नव्या हस्तकाकडे दिल्यावर हमखास बिघडतो, आणि पथकात तर बदल्या होतच असतात. कुत्रा ताब्यात घेताना नव्या आणि जुन्या हस्तकांचा निदान दोन आठवडे एकत्र सराव लेखी ठरवून घ्या, आणि चेंडू, खुणेचा शब्द, आज्ञांचे नेमके उच्चार यांची यादीही सोबत मागा.